जबाब कुणाचे उरले?

चितगावजवळ पहाडतलीचा युरोपियन क्लब. २४ सप्टेंबर १९३२ च्या रात्री पावणेअकराच्या सुमारास त्यावर हल्ला झाला. आत चाळीसेक माणसं होती. हल्लेखोर पसार झाले, पण क्लबापासून थोड्या अंतरावर पोलिसांना एक मृतदेह मिळाला. अंगात पुरुषी कपडे होते. डोक्याचा फेटा काढल्यावर कळलं, की ही बाई आहे. झडतीत पत्रकं सापडली, हल्ल्याचा आराखडा सापडला, काडतुसं आणि एक शिट्टी सापडली. शिवाय एका तरुणाचा फोटो. शवविच्छेदनात गोळीची जखम किरकोळ ठरली. मृत्यू झाला होता सायनाइडने.

ही प्रीतिलता वड्डेदार. वय २१. वडील चितगाव नगरपालिकेत कारकून. ढाक्याचं इडन कॉलेज आणि कलकत्त्याचं बेथून कॉलेज इथे शिकून, तत्त्वज्ञान घेऊन ती पदवीची परीक्षा उत्तीर्ण झाली. मग चितगावात मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली.

तो फोटो होता रामकृष्ण विश्वास याचा. बंगालचे पोलीस महानिरीक्षक क्रेग यांना मारायला गेलेल्या या मुलाच्या गोळीने चांदपूर स्टेशनावर भलताच माणूस मेला, इन्स्पेक्टर तारिणी मुखर्जी. ४ ऑगस्ट १९३१ ला रामकृष्ण फासावर गेला. त्याआधी अलीपूरच्या तुरुंगात त्याला भेटायला एक बहीण येत असे. 'अमिता दास' या नावाने, चाळीसेक वेळा. ती बहीण म्हणजे प्रीतिलता.

मृत मुलीच्या अंगावर मृत मुलाचा फोटो. ज्याला प्रेमकथा हवी त्याला ती इथे आयती मिळते, आणि अनेकांनी ती घेतलीही. पण प्रीतिलतेने मागे एक निवेदन ठेवलं आहे आणि रामकृष्णाचा उल्लेख त्यात तिने स्वतःच केला आहे. त्याच्याशी झालेल्या बोलण्यांनी आपल्याला घडवलं, त्याच्या फाशीने आपण प्रत्यक्ष कृतीच्या जवळ गेलो, असा त्याचा आशय. तेवढं सांगून ती पुढे जाते. निवेदनाचा खरा जोर आहे दुसऱ्याच प्रश्नावर: देशासाठी भाऊ लढू शकतात तर बहिणींना वेगळं का काढायचं? मरायला निघालेल्या मुलीने शेवटच्या कागदावर सर्वाधिक शाई कुठे खर्च केली, हे पाहणं मला फोटोपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

१९३० ते १९३४ या काळात बंगालच्या मुलींनी पिस्तुलं का उचलली, हे कागदांतून शोधायचं तर आधी कागदांची जात ओळखावी लागते. एक, पोलिसांच्या गुप्तवार्ता शाखेचे अहवाल. यातला मोठा साठा पश्चिम बंगाल सरकारने १९९५ मध्ये अमिय सामंत यांच्या संपादनाखाली सहा खंडांत छापला आहे. दुसरे, कोर्टातले जबाब आणि मागे ठेवलेली निवेदनं. तिसऱ्या, सुटून आल्यावर लिहिलेल्या आठवणी. पोलीस लिहितो तो साहेबाच्या फायलीसाठी. आरोपी बोलते ती न्यायाधीशाच्या डोक्यावरून देशाशी. आठवणी लिहिणारी बाई तोवर दुसरीच कुणी झालेली असते. सरकारी कागदांत या सगळ्या 'टेररिस्ट' आहेत, पाठ्यपुस्तकांत वीरांगना. निवाडा कुणाला काय द्यायचा तो द्यावा, इथे शोध आहे तो हेतूचा.

पहाडतलीच्या नऊ महिने आधी कोमिल्ल्यात जे घडलं तिथे हा शोध फार अवघड होतो, कारण आरोपी शाळकरी होत्या. १४ डिसेंबर १९३१ ला फैजुन्निसा शाळेच्या दोन विद्यार्थिनी जिल्हाधिकारी स्टीव्हन्स यांच्या बंगल्यावर गेल्या. शांती घोष पंधरा वर्षांची, सुनीती चौधुरी चौदा. इंग्रजी लिखाणात एक रंगतदार कथा फिरते, की त्यांनी साहेबासाठी नाताळची मिठाई नेली, साहेबाने ती चाखून वाहवा केली आणि मग गोळ्या सुटल्या. दुसरी हकीकत साधी आहे: मुलींच्या पोहण्याच्या उपक्रमासाठी परवानगीचा अर्ज. साहेब कागद घेऊन आत गेले, बाहेर आले, आणि दोघींनी शालीखालून पिस्तुलं काढली. मी अर्जाची हकीकत धरतो. मुलींच्या 'छात्री संघा'ची शाखा कोमिल्ल्यात होती, शांती तिच्या संस्थापकांपैकी एक. लाठी, पोहणं, सायकल हे या संघांचे उघड कार्यक्रम होते. पोहण्याचा अर्ज घेऊन आलेल्या मुलींचा संशय यावा असं त्यात काहीच नव्हतं.

स्टीव्हन्स जागीच गेले. का मारलं? पाश्चात्त्य पत्रांनी व्हाइसरॉय विलिंग्डन यांच्या ताज्या वटहुकुमांवरचा राग हे कारण दिलं. भारतीय लिखाणात इंग्रज जिल्हाधिकाऱ्यांचं बायकांशी असलेलं वर्तन हे कारण पुढे आलं. हे दोन्ही अर्थ बाहेरून लावलेले. आतून पाहिलं तर वर्गातल्या बाकांचा माग लागतो. दोघींना संघटनेत आणलं ते त्याच शाळेतल्या प्रफुल्लनलिनी ब्रह्म हिने. म्हणजे मुलीने मुलीला ओढलं. कुणा 'दादा'ने भोळ्या पोरींना फूस लावली, हा त्या काळी सर्वांना सोयीचा वाटणारा खुलासा इथे अपुरा पडतो. पुरुषांची गुप्त संघटना मागे होती, शस्त्रं तिथूनच आली. पण ओळख, विश्वास, शपथ हे सगळं मैत्रिणींत झालं.

वय कमी म्हणून फाशी टळली, जन्मठेप झाली. निकालानंतर राजशाही जिल्ह्यात पोलिसांना एक पत्रक मिळालं. त्यावर दोघींचे फोटो आणि खाली रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीच्या ओळी. इंग्रजांच्या शाळेत शिकलेली कविता इंग्रजांच्याच तोंडावर फेकलेली! तुरुंगात दोघींना वेगवेगळ्या वर्गांत ठेवून ताटातूट केली. शिक्षा तिथेच थांबली नाही. सुनीतीच्या वडिलांचं निवृत्तिवेतन बंद झालं, थोरले भाऊ अटकेत गेले. मुलीचा हेतू सरकार घरात शोधत होतं आणि किंमतही घराकडून वसूल करत होतं. १९३९ मध्ये दोघी सुटल्या. सुनीती डॉक्टर झाली, शांती विधिमंडळात गेली आणि तिने आत्मचरित्र लिहिलं. प्रफुल्लनलिनीने गोळी झाडली नव्हती. ती १९३७ मध्ये नजरकैदेतच वारली. दुवा जोडणारी तीच होती, आणि कोर्टात उभं राहून सांगण्याची वेळ मात्र तिच्यावर आली नाही.

सगळ्यांत सविस्तर कागद आहे तो बीना दासचा.

६ फेब्रुवारी १९३२. कलकत्ता विद्यापीठाच्या सिनेट हाउसमध्ये पदवीदान समारंभ. कुलपती या नात्याने भाषणाला उभे होते बंगालचे गव्हर्नर सर स्टॅन्ली जॅक्सन, १९०५ च्या अ‍ॅशेस मालिकेत इंग्लंडचे कर्णधार. पदवी घ्यायला आलेल्या मुलींतून वीस वर्षांची एक मुलगी उठली, पुढे गेली आणि तिने रिव्हॉल्व्हर झाडलं. पाच गोळ्या. जॅक्सन खाली वाकले आणि वाचले. कुलगुरू हसन सुऱ्हावर्दी यांनी तिला धरलं, त्याबद्दल त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. आपल्याकडे सहाच महिन्यांपूर्वी, २२ जुलै १९३१ ला, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगट्यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर असाच नेम धरला होता. तोही गव्हर्नर वाचला. पाहुणा म्हणून विद्यार्थ्यांत आलेला साहेब हे त्या वर्षातलं सगळ्यांत सोपं लक्ष्य होतं.

रिव्हॉल्व्हर २८० रुपयांचं होतं. ते बीनाला दिलं कमला दासगुप्ता हिने. मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्थापक असलेली ही बाई तिथेच बॉम्ब लपवत असे. बीनाची थोरली बहीण कल्याणी हीदेखील चळवळीतली, कलकत्त्यात १९२८ मध्ये छात्री संघ काढणाऱ्यांतली. त्याच वर्षाच्या काँग्रेस अधिवेशनात लतिका घोष यांच्या मागे मुलींचं स्वयंसेवक पथक संचलन करत निघालं होतं. वडील बेणीमाधव दास ब्राह्मो समाजाचे, कटकच्या शाळेत सुभाषबाबूंना शिकवलेले नावाजलेले मुख्याध्यापक. आई सरलादेवी निराधार बायकांसाठी आश्रम चालवायच्या. चांगल्या घरातली, शिकलेली, लाडाची मुलगी. पोलिसांना रिव्हॉल्व्हर कुठून आलं ते हवं होतं. तिने सांगितलं नाही.

खटला विशेष न्यायाधिकरणापुढे चालला. बीनाने गुन्हा कबूल केला आणि इंग्रजीत एक निवेदन दिलं. वर्तमानपत्रांना ते छापता आलं नाही, पण हस्ते परहस्ते ते फिरत राहिलं. १५ फेब्रुवारीला, म्हणजे घटनेनंतर नवव्या दिवशी, नऊ वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. तो सगळा मजकूर इथे उतरवत नाही, पण त्यातली तीन विधानं नीट पाहण्याजोगी आहेत.

सुरुवातीलाच ती सगळी जबाबदारी स्वतःवर घेते आणि म्हणते, की माझा उद्देश मरण्याचा होता. आणि मरायचंच तर या जुलमी राज्ययंत्रणेशी झुंजत मानाने मरावं, असं मी ठरवलं. वाक्याचा क्रम बघा. आधी मरण, मग लढा. गव्हर्नरला मारणं हा उद्देश तिने या शब्दांत मांडलेलाच नाही. पुढे आपल्या यातनांचा शेवट देशाच्या पायाशी व्हावा अशा अर्थाचंही ती लिहिते. आजचा मानसशास्त्राचा अभ्यासक इथे लगेच पेन सरसावेल: ही तर आत्महत्येची इच्छा, राजकारण केवळ निमित्त. मला ते घाईचं वाटतं, कारण दुसरं विधान लगेच समोर येतं. तिथे ती ठिकाणांची नावं घेते: चितगाव, हिजली, मेदिनीपूर. १८ एप्रिल १९३० च्या शस्त्रागार हल्ल्यानंतर चितगावात झालेली दडपशाही. १६ सप्टेंबर १९३१ ला हिजलीच्या छावणीत नि:शस्त्र कैद्यांवर झालेला गोळीबार, ज्यात संतोष मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त गेले. मेदिनीपूरच्या गावांतली पोलिसी मारहाण. यातना तिच्या एकटीच्या नव्हत्या, वाचलेल्या-ऐकलेल्या बातम्यांच्या होत्या. भारतीय स्त्रीत्वाच्या उत्तम संस्कारांत वाढलेल्या आपल्यासारख्या दुबळ्या बाईलाही या राजवटीने अस्वस्थ करून सोडलं, असा तिचा युक्तिवाद आहे.

'दुबळी बाई' हे तिचं शस्त्र आहे. बेथूनमध्येच शिकलेली प्रीतिलता आठ महिन्यांनी नेमकं उलट लिहिते: बायका दुबळ्या नाहीत, मागे राहणार नाहीत. दोघी १९११ साली जन्मल्या, एका कॉलेजात शिकल्या, एकाच वर्षी त्यांनी शस्त्र चालवलं, आणि बाईपणाविषयी दोन टोकांची विधानं केली. मग बायका हिंसेकडे का वळतात, याचं एकच उत्तर काढणाऱ्यांनी आधी या दोन कागदांचा मेळ घालून दाखवावा. माझ्या मते मेळ एवढाच, की दोघींना श्रोता माहीत होता. बीना बोलत होती ती तिला कुलीन मुलगी समजणाऱ्या समाजाला लाजवण्यासाठी, प्रीतिलता बोलत होती ती आपल्याच संघटनेतल्या पुरुषांना आणि मागून येणाऱ्या मुलींना पटवण्यासाठी. निवेदन म्हणजे मनाचा आरसा नसतो, तीसुद्धा एक कृती असते.

तिसरं विधान जॅक्सन यांच्याविषयी आहे. माणूस म्हणून त्यांच्याविषयी वा त्यांच्या पत्नीविषयी मनात काही आकस नाही. गोळी झाडली ती तीस कोटींना गुलाम ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या प्रतिनिधीवर. हे वाक्य प्रामाणिक असेल, पण ते सोपंही आहे. माणूस वजा केला की फक्त पद उरतं, आणि पदावर गोळी झाडताना हात कमी थरथरतो. जगभरच्या राजकीय हत्यांच्या जबाबांत हा हिशेब सापडतो, त्यात बाई-पुरुष फरक नाही.

आणखी एक साक्ष मुंबईत छापली गेली. प्रीतिलतेची शाळेतली मैत्रीण आणि चितगावच्या दलातली सोबतीण कल्पना दत्त १९ मे १९३३ ला पकडली गेली, जन्मठेप होऊन १९३९ मध्ये सुटली आणि कम्युनिस्ट झाली. पक्षाचे नेते पी. सी. जोशी यांच्याशी लग्न झाल्यावर तिने चितगावच्या साथीदारांच्या आठवणी लिहिल्या. त्या १९४५ मध्ये मुंबईच्या पीपल्स पब्लिशिंग हाउसने काढल्या. तोवर बॉम्ब-पिस्तुलांचा मार्ग तिने मागे टाकला होता, हे लक्षात ठेवून पुस्तक वाचावं लागतं. तरी जवळून पाहिलेल्या गोष्टी त्यातच मिळतात. खाण्यासाठी जनावर मारण्यावरून एकदा मैत्रिणींत वाद निघाला, तेव्हा प्रीतिलता म्हणाल्याचं ती सांगते, की देशासाठी जीव द्यायला तयार आहे तर वेळ पडल्यास घ्यायलाही कचरणार नाही, पण निरुपद्रवी प्राण्याला उगाच मारणं मला जमणार नाही.

सूर्य सेन यांच्या या चितगाव दलात आरंभी मुलींना प्रत्यक्ष हल्ल्यात घेत नव्हते. १९३० नंतर पोरं मेली, पकडली गेली, फासावर गेली, आणि मुलींसाठी दार उघडलं. १३ जून १९३२ ला धलघाटला सावित्रीदेवी नावाच्या विधवेच्या घराला वेढा पडला. कॅप्टन कॅमेरन ठार झाला, निर्मल सेन आणि अपूर्व सेन गेले, सूर्य सेन आणि प्रीतिलता निसटले. पहाडतलीसाठी कल्पनेचंही नाव होतं, पण १७ सप्टेंबरला, आठवडाभर आधी, ती पुरुषी वेशात क्लबाजवळच पहिल्यांदा पकडली गेली. पहाडतलीचं नेतृत्व मुलीच्या, प्रीतिलतेच्या, हातात देण्यामागे सूर्य सेन यांचा हेतू काय? जगाला दाखवणं, की बंगालच्या बायकाही यात आहेत. म्हणजे प्रीतिलतेचा हेतू आणि तिला पाठवणाऱ्याचा हेतू एकमेकांना लागून आहेत, पण एक नाहीत. तिला समान हक्क हवा होता, संघटनेला एक उदाहरण हवं होतं. सायनाइडची पुडी या दोन्हींच्या मध्ये आहे. पकडलं जाऊ नये म्हणून ती घ्यायची असते, हे खरं. पण जखम किरकोळ होती, रिव्हॉल्व्हर तिने सोबत्याच्या हाती दिलं होतं, आणि परत येण्याची तिची तयारीच नव्हती असं मागे ठेवलेल्या कागदावरून दिसतं.

आणि क्लबात कोण मेलं? पोलीस अहवालाप्रमाणे सलिव्हन आडनावाची एक बाई. जखमींत चार पुरुष आणि सात बायका. गव्हर्नर नाही, जिल्हाधिकारी नाही, शनिवारची रात्र घालवायला आलेली माणसं. निरुपद्रवी प्राणी मारणार नाही असं म्हणणाऱ्या मुलीच्या हल्ल्यात एक बाई मेली, ती या राजवटीत काय होती, हे आपल्या गौरवग्रंथांना विचारावंसं वाटत नाही. बहुतेक लेखांत तिचं नावही नसतं. चितगावात इंग्रजांनी जे केलं त्यापुढे हे किती, असा प्रतिप्रश्न करता येईल आणि त्याला वजनही आहे. पण साधार लिहायचं तर मृतांच्या यादीतलं एक नाव गाळता येत नाही. पहाडतलीचा हल्ला हे राजकीय कृत्य होतं आणि त्यात नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दोन्ही वाक्यं एकत्र लिहायला हवीत.

एक कागद मात्र फार उशिरा आला: कलकत्ता विद्यापीठाने २२ मार्च २०१२ च्या पदवीदान समारंभात बीना दास आणि प्रीतिलता वड्डेदार यांना रोखलेली पदवी मरणोत्तर दिली.

या सगळ्या कागदांकडे एकत्र पाहिल्यावर एक शंका मात्र जात नाही. बंगाली मुलींच्या हिंसेत मरणाची ओढ फार, असं वाचणाऱ्याला वाटतं. पण आपल्या हाती निवेदनं आहेत ती कुणाची? जी मरायला निघाली तिचं आणि जी जागीच पकडली गेली तिचं. ज्या निसटल्या त्यांना निवेदन लिहिण्याचं कारणच नव्हतं. पिस्तूल पोचवणारी, वसतिगृहाच्या पेटीत बॉम्ब ठेवणारी, वर्गातल्या मैत्रिणीला कानात सांगणारी, यांच्या हेतूत मरण कुठे होतं? त्यांना जगून काम करायचं होतं. कमला दासगुप्तांनी पुढे आठवणी लिहिल्या आणि स्वातंत्र्यलढ्यातल्या बंगाली स्त्रियांची चरित्रंही जमवली, म्हणून निदान एवढं तरी कळतं. हेतूंचं चित्र तिरपं दिसतं त्यात दोष मुलींचा कमी, दप्तराचा जास्त.

याचा ताळा पाहायला बंगालात जावं लागत नाही. ऑक्टोबर १९३० मध्ये भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांच्या फाशीचा निकाल लागला आणि दोनच दिवसांत मुंबईत लॅमिंग्टन रोड पोलीस ठाण्यासमोर मोटारीतून गोळ्या झाडल्या गेल्या. सार्जंट टेलर आणि त्यांची पत्नी जखमी झाले. मोटारीत पृथ्वीसिंग होते, सुखदेवराज होते, आणि दुर्गावतीदेवी होत्या, क्रांतिकारकांच्या दुर्गाभाभी. त्यांचे पती भगवतीचरण व्होरा त्याच वर्षी २८ मे रोजी रावीकाठी बॉम्बची चाचणी घेताना गेले होते. कोमिल्ल्याच्या मुलींच्या वर्षभर आधीची ही गोष्ट. भाभी मुंबईतून निसटल्या, या खटल्यात त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या नाहीत आणि बीनासारखं निवेदन त्यांनी दिलं नाही. पतीचा सूड, भगतसिंगांच्या शिक्षेचा संताप, की दलाचा आदेश, हे वाचणारे आपापल्या परीने ठरवतात. दुर्गाभाभींनी पुढे लखनौला मुलांची शाळा चालवली आणि १५ ऑक्टोबर १९९९ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, गाझियाबादला त्या वारल्या.